वळसा

त्र्यंबक आसगेकरांना मी अकरा वर्षं हरवत आलो आहे,
घरी परतल्यावर.
सभेत तेच जिंकतात.

वाशीतल्या त्या हॉलमध्ये,
जिथे आदल्या रात्रीच्या साखरपुड्याचा झेंडू
अजून खुर्च्यांखाली असतो,
ते उभे राहतात, माइकला टिचकी मारतात
आणि म्हणतात, "हे शहर मी आखलंय."
खरंच आखलंय. तीस वर्षं, टी-स्क्वेअर लावून,
नाले, चौक, दिव्यांचे खांब.
"खाडीच्या चिखलातून सेक्टर आपोआप उगवले का हो?
मग डोळा कसा उगवेल?"
टाळ्या.
पुढच्या रांगेत मोतीबिंदू झालेल्यांच्या सगळ्यात मोठ्या.

मग चार मिनिटांत चौदा प्रश्न.
अर्धा पंख काय कामाचा?
माकडं अजून माकडंच का?
मधले दुवे कुठायत?
एकेकाच्या उत्तराला एक अख्खा तास लागतो, फळ्यासकट.
मला मिळतात सहा मिनिटं.

मी दुवा दाखवतो,
खडकातला, पाय फुटू लागलेला मासा.
ते म्हणतात, छान,
आता याच्या अलीकडे एक फट आणि पलीकडे एक.
जितकं मी भरतो
तितकं त्यांचं रिकामं वाढतं.

एका वर्षी मी ऐरोलीहून बादलीतून निवट्या नेल्या,
चिखलावर चालणारे मासे, डोळे कपाळावर.
एकीने टेबलावरून उडी मारली ती थेट अध्यक्षांच्या हारात.
खरं सांगतो, आगाऊपणा माझाच होता.
निवटी कुणाची पूर्वज नाही,
ती आजची आहे, तुमच्या-माझ्याइतकीच.
आसगेकरांनी नेमकं तिथे धरायला हवं होतं मला.
त्यांनी विचारलं, "कालवण कधी?"
आणि मी तिथेच आडवा.

परवा मी जिराफाची मान काढली.
मेंदूतून निघालेली एक नस,
काम तिचं घशात, हातभर अंतरावर,
पण ती उतरते खाली छातीपर्यंत,
हृदयाजवळच्या धमनीला वळसा घालते
आणि तेवढीच मान पुन्हा चढून वर येते.
सर, तुमच्या ऑफिसात असा नाला कुणी काढला असता तर?
हॉल पहिल्यांदा गप्प.
ते म्हणाले, "कर्त्याच्या मनातलं आपल्याला काय कळणार?"

सुबक दिसलं की पुरावा,
वेडंवाकडं दिसलं की लीला.
मग कसं दिसलं असतं, सर,
म्हणजे तुम्ही चुकला असता?
हे मी विचारलं तेव्हा
माइकवाला वायर गुंडाळत होता.

रिक्षा मिळेना. जुहूगावातून चालत निघालो, दोघंच.
त्यांना गुडघ्याचा त्रास, माझ्या हातात त्यांची पिशवी.
सरळ चाललेली गल्ली एकाएकी
काही कारण नसताना पोट काढून वळली,
चार घरांनंतर पुन्हा सरळ.
मधे मोकळी फरशी, एक मोटारसायकल, वाळत घातलेले जवळे.
आसगेकर थांबले. जुनी सवय.
"ही अशी का?"
ओट्यावरचे हिराजी तांडेल म्हणाले,
"हितं बाव व्हती. माझ्या बापानं पानी काढलंय हितनं.
बुजवली मग."

मी काही बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती,
असं मला वाटलं.
आसगेकर त्या फरशीकडे बघत राहिले.
मग पिशवी माझ्या हातातून घेत म्हणाले,
"पण वळवली कुणीतरीच ना?"

मला सुचलं ते कोपरीच्या सिग्नलला,
रिक्षात एकट्याला:
कुणीच नाही, सर.
जो तो आपली घागर घेऊन
फक्त बाव चुकवत गेला.

साडेअकरा वाजून गेले होते.
ते दहाला झोपतात.
पुढची सभा मार्चमध्ये.